पाळीची गडबड: या वेळचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली बहुतेक पाळीच्या तक्रारींची आहेत. कुणाची लवकर येते, कुणाची येतच नाही, कुणाची आली की थांबायचं नाव घेत नाही. एक गोष्ट जवळजवळ सगळ्याच पत्रांत दिसली, तारीख सगळ्यांना पाठ आहे पण किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, मध्येच डाग पडला का, हे फार कमी जणींनी लिहिलंय. आम्हा डॉक्टरांना खरं तर तारखेपेक्षा याच गोष्टी जास्त कामाच्या असतात, म्हणून उत्तरांमध्ये मी तेच परत परत विचारणार आहे, वैतागू नका. नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय २९. मला महिन्यातून दोनदा पाळी येते. गेल्या महिन्यात २ तारखेला आली आणि परत २८ ला आली. मैत्रीण म्हणते हे नॉर्मल नाही, हार्मोन्सचा प्रॉब्लेम असणार. ४ दिवस जातं, बाकी त्रास काही नाही. कुठल्या टेस्ट करू?

उत्तर: कुठलीच नको. २ पासून २८ पर्यंत मोज, २६ दिवस होतात आणि २६ दिवसांनी येणारी पाळी अगदी व्यवस्थित असते. एकाच महिन्याच्या पानावर दोन खुणा आल्या एवढंच झालंय. मोजायचं कसं तर ज्या दिवशी रक्त सुरू झालं तो पहिला दिवस, तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याच जणी मागची पाळी संपली तिथून मोजतात आणि मग अंतर कमी भरतं. मोठ्या बायकांमध्ये २४ ते ३८ दिवसांचं अंतर नॉर्मल धरतात, रक्त ८ दिवसांपर्यंत जाऊ शकतं, आणि दर वेळी तेवढ्याच दिवसांनी यायला पाहिजे असंही नाही, वर्षभरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं अंतर यांच्यात आठवडाभराचा फरक असला तरी चालतो. २८ हा नुसता सरासरीचा आकडा आहे, त्याला धरून बसायचं कारण नाही.

अजून एक. पाळी उशिरा येते तेव्हा बहुतेक वेळा स्त्रीबीजच उशिरा सुटलेलं असतं. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा, तो फारसा बदलत नाही, मागेपुढे होतो तो त्याच्या आधीचा भाग. म्हणून ताप येऊन गेला, परीक्षेचं टेन्शन होतं, वजन झपाट्याने उतरलं की त्या महिन्याची तारीख सरकते आणि पुढच्या महिन्यात परत जागेवर येते. आता तुला खरंच दर १५-१८ दिवसांनी पूर्ण पाळीसारखं जात असतं किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये सारखे डाग पडत असते तर मी तुला नक्की बोलावलं असतं.

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. तिला कधी ५० दिवसांनी येते आणि आली की ९-१० दिवस जाते. पहिले ३-४ दिवस तर तासा-दीड तासाला पॅड बदलावा लागतो, रात्री उठून बदलते तरी चादर खराब होते. शाळा बुडते, जिना चढली तरी दम लागतो. घरात सगळे म्हणतात सुरुवातीची दोन-तीन वर्षं असंच असतं, आपोआप बसेल. थांबू का?

उत्तर: ताई, यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. अंतराबद्दल घरचे म्हणतात ते बरोबर आहे, जास्त जाण्याबद्दल नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे इशारे अजून नीट बसलेले नसतात, त्यामुळे दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला आवर घालणारं हार्मोन, तयार होत नाही, आणि प्रोजेस्टेरॉन नाही म्हणजे गर्भपिशवीचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग कधीतरी कसंही, तुकड्या-तुकड्याने सुटतं. म्हणून या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, एखाद्या वेळी ५० झालं तरी मी घाबरणार नाही. पण एकदा जरी तीन महिने, म्हणजे ९० दिवस, पाळी आली नाही तर दाखवायचं, आणि १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आलीच नसेल तरी दाखवायचं.

तासा-दीड तासाला पॅड भरणं, रात्री उठावं लागणं, ८ दिवसांच्या वर जाणं आणि जिन्यावर दम लागणं, हे मात्र "बसेल" म्हणून सोडायचं नाही. तिचं रक्त कमी झालेलं असणार असं मला पत्र वाचूनच वाटतंय. या आठवड्यातच न्या. हिमोग्लोबिन तर बघतीलच, फेरिटिन पण करायला सांगा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा किती उरलाय ते कळतं, कारण हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही साठा रिकामा झालेला असू शकतो आणि मुलगी थकलेली, अभ्यासात लक्ष न लागणारी अशीच राहते, घरच्यांना वाटतं आळस करते.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. तिच्या नाकातून रक्त येतं का आणि आलं तर १० मिनिटांत थांबत नाही असं होतं का, साधं कुठे आपटलं तरी मोठे निळे डाग उठतात का, दात काढला तेव्हा रक्त खूप वेळ चालू होतं का, आणि तुमचं किंवा तुमच्या आईचं, बहिणीचं पाळीत किंवा बाळंतपणात खूप जायचं का. पहिल्याच पाळ्यांपासून इतकं जाणाऱ्या मुलींमध्ये काही जणींना रक्त गोठण्याचा जन्मजात आजार असतो, त्यातला वॉन विलेब्रँड हा सगळ्यात जास्त आढळणारा. पाळी आली म्हणून तो पहिल्यांदा लक्षात येतो. घरात कुणाला असेल तर मुलाला लहानपणी खरचटण्यातून कळेलही, मुलीचं मात्र "आमच्याकडे सगळ्यांचंच जास्त जातं" म्हणत वर्षानुवर्षं झाकलं जातं आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. हे तपासून होईपर्यंत पोटदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉल चालेल.

आतली तपासणी होईल या भीतीने मुलींना नेलंच जात नाही, तर ती बहुतेक लागतच नाही, सोनोग्राफी पोटावरून होते, फक्त लघवी साठवून जायचं. डॉक्टरांनी काही महिने हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर त्याने पुढे मूल व्हायला अडचण येईल असं मनात आणू नका, तसं होत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहा-कॉफीबरोबर घ्यायच्या नाहीत, शी काळी होते ते घाबरण्यासारखं नाही, आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच बंद करायच्या नाहीत, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. दोन-तीन तास सलग दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल किंवा चक्कर येऊन पडली तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच हॉस्पिटलला जा.

प्रश्न: वय २५, पीसीओडी आहे. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, एकदा चार महिने आली नव्हती. हनुवटीवर केस येतात. ६ महिने गोळ्या घेतल्या तेव्हा दर महिन्याला आली, बंद केल्यावर परत तेच. मग गोळ्यांचा उपयोग काय झाला? आणि खरं सांगू का, पाळी नाही आली तर मला बरंच वाटतं, मग मुद्दाम आणायचीच कशाला?

उत्तर: दुसरा प्रश्न फार चांगला विचारलास, आधी तोच घेते.

पाळी आणायची ती "घाण रक्त" बाहेर पडावं म्हणून नाही, घाण बिण काही साठत नसते. वरच्या पत्रात सांगितलं तसं बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन मिळत नाही आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर वाढवत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर ते अस्तर जाड होतं, त्यातल्या पेशी बदलायला लागतात आणि पुढे पिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून पीसीओडीमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याच्या या त्रासात, आम्ही सांगतो की तीन महिन्यांच्या वर पाळीशिवाय जाऊ द्यायचं नाही, आपोआप नाही आली तर काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन आणायची. दर महिन्याला यायलाच पाहिजे असं मात्र नाही. आणि एखादीला हार्मोनचा टी (पिशवीत बसवायचं, हार्मोन सोडणारं छोटं साधन) बसवल्यावर किंवा हार्मोनच्या गोळ्या सलग चालू असताना पाळी येत नसेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं, त्यामुळे न येण्याने काही बिघडत नाही.

आता गोळ्या. त्या सहा महिन्यांत जे यायचं ते दर वेळी गोळ्या काही दिवस थांबवल्यावर येणारं रक्त, तुझं बीज सुटायला लागलं असा त्याचा अर्थ नव्हता. त्या सहा महिन्यांत अस्तर सुरक्षित राहिलं, केसांवरही थोडा परिणाम होतो पण तो दिसायला सहा महिने तरी लागतात. गोळ्यांनी पीसीओडी "बरा" होतो असं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलं.

तुझं निदान कशावरून झालं ते पण बघ. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा किंवा रक्तात ते वाढलेलं, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं विशिष्ट रूप, या तिनातल्या दोन गोष्टी असाव्या लागतात, नुसत्या सोनोग्राफीवरून ठरत नाही. तुझ्याकडे पहिल्या दोन दिसतायत. पण थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) तपासलंय का, ते बघितल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. साखर पण बघून घे, बीपी पण. वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरलं तरी काही जणींची पाळी आपोआप यायला लागते, बारीक मुलींनाही पीसीओडी असतो, त्यांना वजन कमी करायला सांगण्यात अर्थ नाही. आणि पाळी तीन महिन्यांनी येते म्हणून दिवस राहणार नाहीत असं समजू नकोस, बीज मध्येच कधीतरी सुटतं. संबंध असतील तर पाळी आणायच्या गोळ्या घेण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करायचीच.

प्रश्न: ३१ वर्षं. इमर्जन्सी पिल घेतली होती. आठवड्याने थोडा डाग पडला. आता तारखेवर १० दिवस झाले, अधूनमधून ब्राऊन डाग पडतोय आणि उजव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय. डाग पडतोय म्हणजे पाळी आलीच ना, टेस्ट करायची गरज नाही ना?

उत्तर: या पत्राला अंकाची वाट न बघता त्याच दिवशी उत्तर पाठवलं होतं, इथे छापतेय कारण असं समजणाऱ्या खूप जणी आहेत. अधूनमधून पडणारा ब्राऊन डाग म्हणजे पाळी नव्हे. इमर्जन्सी पिलने पुढची पाळी थोडी मागेपुढे होते, मध्ये डागही पडतो, पण तारीख उलटून आठवडा गेला की टेस्ट करायचीच, कारण गोळी वेळेत घेतली तरी शंभर टक्के खात्री नसते. टेस्ट पॉझिटिव्ह आणि एका बाजूला दुखतंय तर गर्भ नळीत तर राहिला नाही ना हे सोनोग्राफीने आणि रक्ताच्या टेस्टने लगेच बघावं लागतं, नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेर मात्र थोडासाच डाग दिसत असतो. अचानक जोरात दुखायला लागलं, खांद्याच्या टोकाला दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर सरळ इमर्जन्सीला जायचं. मूल होण्याच्या वयातल्या कुठल्याही बाईच्या पाळीत अचानक बदल झाला तर आमची पहिली टेस्ट प्रेग्नन्सीचीच असते, नसबंदी झालेली असली, कॉपर टी असली तरी, आणि यात तिच्यावर संशय घेण्याचा भाग नसतो.

प्रश्न: वय ४४. दोन वर्षांपासून १०-१२ दिवस जातं, मोठ्या गाठी पडतात, पहिले दोन दिवस घराबाहेर पडता येत नाही. हिमोग्लोबिन ७.८ आलं. सोनोग्राफीत ३ सेंटिमीटरची फायब्रॉईडची गाठ आणि अस्तर जाड लिहिलंय. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. जाऊबाई म्हणतात पाळी जायच्या वेळी सगळ्यांचंच असं होतं, थोडं सहन कर. मला काही सुचत नाहीये.

उत्तर: तुम्ही दोन वर्षं हे काढलंत याचंच मला आश्चर्य वाटतं. ८ च्या खालचं हिमोग्लोबिन म्हणजे गंभीर ॲनिमिया, त्यामुळे पिशवी काढायची की नाही हा वाद नंतर, आधी रक्त वाढवायला घ्या. या पातळीला गोळ्यांनी वेळ लागतो, गोळ्या सोसत नाहीत किंवा पुरत नाहीत तर शिरेतून लोह देता येतं, त्याबद्दल विचारा.

जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाळी जायच्या आधीची काही वर्षं ती कधी २० दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते, एखादी चुकते, ते वयाचं असतं. पण १२ दिवस गाठींसकट जाणं हे वयावर ढकलायचं नाही, त्याला कारण असतं आणि ते शोधता येतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये, अस्तराची बायोप्सी झाली का? पंचेचाळिशीच्या आसपास असं अनियमित आणि जास्त जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायचा असतो, ऑपरेशन ठरवण्याच्या आधी. एक बारीक नळी आत घालून घेतात, बऱ्याचदा ओपीडीतच, पाळीत येते तशी कळ येते आणि काही मिनिटांत संपतं. रिपोर्टशिवाय पिशवी काढायला तयार होऊ नका, कारण त्यात काही निघालं तर ऑपरेशनच वेगळ्या पद्धतीने करावं लागतं.

दुसरं, फायब्रॉईड म्हणजे पिशवीच्या स्नायूंची साधी गाठ, ती किती मोठी यापेक्षा कुठे आहे ते विचारा. पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठसुद्धा भरपूर रक्तस्राव करते आणि बाहेरच्या बाजूची चांगली मोठी गाठ काहीच त्रास देत नाही. तुमची भिंतीत असेल तर कदाचित तिचा यात फारसा हातही नसेल, रिपोर्टमध्ये दिसली म्हणून ती दोषी ठरत नाही. पोकळीतली गाठ किंवा पॉलिप (अस्तरावरची छोटी मऊ वाढ) असेल तर दुर्बिणीने खालूनच काढता येतो, पिशवी जागेवर राहते. थायरॉईड तपासा. तांबी (कॉपर टी) बसवलेली आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, तेही सांगा, दोन्हींनी जास्त जातं.

बायोप्सी चांगली आली तर पर्याय बरेच आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायच्या असतात, त्यांनी जाणं बरंच कमी होतं, ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती त्यांना मात्र देत नाहीत. हार्मोन सोडणारा टी हा माझ्या मते तुमच्यासारख्या बाईसाठी सगळ्यात आधी विचार करण्यासारखा, पहिले ३ ते ६ महिने डाग पडत राहतात, तेवढा धीर धरावा लागतो, नंतर पाळी अगदी थोडी येते किंवा बंदच होते. पिशवी काढणं हे वाईट ऑपरेशन आहे असं मी म्हणत नाही, हे सगळं करून जमलं नाही किंवा तुम्हालाच त्यातून एकदाचं मोकळं व्हायचं असेल तर जरूर करा. पण तेव्हा एक स्पष्ट विचारा की अंडाशय ठेवणार की काढणार. कारण नसताना दोन्ही अंडाशय या वयात काढले तर एका दिवसात मेनोपॉज येतो, अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं आणि हृदय या दोन्हींवर पुढे परिणाम होतो. फॉर्मवर सही करण्याआधी तिथे काय लिहिलंय ते वाचा.

प्रश्न: माझी पाळी जाऊन ५ वर्षं झाली. मागच्या महिन्यात दोनदा कपड्याला फिकट गुलाबी डाग दिसला. अगदीच थोडा होता, दुखलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. वय ५७.

उत्तर: तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, आता घरात एकाला तरी सांगा आणि या-पुढच्या आठवड्यात तपासून घ्या. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात आणि त्यानंतर डाग कितीही छोटा असो, एकदाच पडलेला असो, तो तपासायचाच. बहुतेकींमध्ये कोरडेपणामुळे किंवा साध्या पॉलिपमुळे झालेलं निघतं, पण साधारण १० जणींमध्ये एकीला पिशवीचा कॅन्सर असतो आणि तो असा पहिल्या डागालाच सापडला तर बहुधा ऑपरेशनने पूर्ण बरा होतो, म्हणून ही घाई. आतून सोनोग्राफी करतात, अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर चिंता बरीच कमी होते, जाड असेल किंवा परत डाग पडला तर बायोप्सी. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आवर्जून सांगा.

प्रश्न: वय २७. संबंधांनंतर दोन-तीनदा रक्त आलं. पाळी वेळेवर येते. तपासणीची खूप भीती आणि लाज वाटते म्हणून जात नाहीये. सोनोग्राफी केली तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, कारण असं रक्त बहुतेक वेळा पिशवीच्या तोंडाकडून येतं आणि ते सोनोग्राफीत नीट दिसत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. तुझ्या वयात कारण बहुधा साधं असतं, पिशवीच्या तोंडावरची नाजूक त्वचा, छोटा पॉलिप किंवा क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन ज्याला अँटिबायोटिक पुरतं. क्वचित पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल निघतात, म्हणून त्याच वेळी पॅप टेस्टही (तिथल्या पेशी पुसून घेऊन तपासणं) करतात.

तपासणी दोन-तीन मिनिटांची असते. स्पेक्युलम नावाचं साधन आत घालून पिशवीचं तोंड बघतात, लहान साइजचं येतं, ते मागायचं. सोबत नर्स किंवा तुझं माणूस असावं असं म्हणायचा तुला हक्क आहे, दुखलं आणि "थांबा" म्हटलंस की डॉक्टरांनी थांबायलाच हवं. श्वास रोखून धरू नकोस, त्याने स्नायू आवळतात आणि जास्त दुखतं. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांग की संबंधांनंतर रक्त येतंय आणि ही पहिलीच तपासणी आहे, म्हणजे ते वेळ राखून ठेवतील. पाळीचे जास्त जाण्याचे दिवस सोडून तारीख घे, थोडासा डाग चालू असेल तर मात्र त्यासाठी पुढे ढकलू नकोस.